भाडेकरूचा आवाज

बाबांनी एंटरचं बटण दाबलं, दोन्ही हात मांडीवर घेतले, आणि खोलीत काहीच झालं नाही.

टेबलाभोवती चौघं बसली होती. चहावर साय धरू लागली होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. लेकीने नजर मुद्दाम खिडकीकडे ठेवली होती, जावयाने बिस्किटांच्या बशीकडे, आणि आईने आपल्या तळहातांकडे. बाबा टाइप करत असताना पडद्याकडे पाहायचं नाही, हा त्या घराचा नियम होता. संगणक घरात आला त्याच आठवड्यात बाबांनी तो घातला होता. अर्धं वाक्य वाचणं म्हणजे बोलणाऱ्याच्या घशात हात घालणं, असं त्यांनी भाडेकरूकडून वदवून घेतलं होतं. आणि ज्याच्या घशात खरोखरच हात घातला गेला होता, त्याच्याशी या बाबतीत वाद घालायला कुणी धजावलं नव्हतं.

भाडेकरू म्हणजे संगणकातला आवाज. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र गेलं, तेव्हा दवाखान्याने बाबांच्या हाती आधी एक पाटी दिली होती. ‘पाटी पोरांची,’ असं त्या पाटीवरच लिहून त्यांनी ती परत केली. मग हा लॅपटॉप आला. दोन बोटांनी टाइप करायचं, एंटर दाबायचं, की त्याच्या पोटातल्या स्पीकरमधून एक मध्यमवयीन, इस्त्री केलेला पुरुषी आवाज ते वाचून दाखवी, आणि पडद्यावरची चौकट कोरी होई. कोरी होण्याची सोय बाबांनी मुद्दाम मागून घेतली होती. बोललेला शब्द हवेत राहत नाही, मग तो पडद्यावर तरी का राहावा? आवाजाला चढउतार नव्हता. ‘मीठ कमी आहे’ आणि ‘छातीत कळ येतेय’ ही दोन्ही वाक्यं तो सारख्याच सभ्यपणे उच्चारी. ‘घरात भाडेकरू ठेवल्यासारखं वाटतंय,’ आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि ते नाव चिकटलं.

बाबांचा स्वतःचा आवाज वेगळाच होता. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसून, एक पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर ठेवून. ‘अहो, ब्रेक म्हणतोय मी, ब्रेक! देवाचा धावा नंतर करा!’ हे वाक्य गाडी वळणावर यायच्या आधी वळणावर येई. रस्त्यावरचे सगळे त्यांना मास्तर म्हणत. आता मास्तरांच्या गळ्याच्या खळगीत एक छोटीशी नळी होती, तिच्यावर आईने शिवलेला पांढरा रुमाल होता, आणि त्या रुमालामागून श्वासाखेरीज काही बाहेर येत नसे.

त्या दुपारी त्यांना एक प्रश्न विचारला गेला होता. लेकीने तो रस्ताभर मनात घोळवून, शक्य तितका साधा करून विचारला होता: “बाबा, आईला तीन महिने मावशीकडे जाऊ द्याल का?”

मावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती दूर समुद्राकाठच्या गावी एकटी राहत होती, आणि फोनवर रडण्याची तिला सवय नव्हती. म्हणूनच परवा ती रडली तेव्हा आई रात्रभर जागी राहिली. बहिणीकडे जायचं आईच्या मनात होतं. मनात आणखीही एक गोष्ट होती, जी ती कुणापाशी बोलली नव्हती, पण लेकीला ती तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत दिसत होती: शस्त्रक्रियेपासून आईने या घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती. नळी स्वच्छ करायची, खाणं मऊ करून द्यायचं, रात्री श्वास घरघरला की उठून बसायचं. लेकीने सगळी सोय लावली होती. सकाळी परिचारिका येईल, संध्याकाळी ती स्वतः. “हे म्हणतील तसं,” एवढंच आई म्हणाली होती. आईच्या तोंडी ते वाक्य दाराच्या कडीसारखं होतं. आत बाहेर दोन्हीकडून लागणारं. आज बाबांनी हो म्हटलं की आई सुटणार होती, नाही म्हटलं की मावशी एकटी पडणार होती.

आणि लेक-जावई आल्यापासून पहिल्यांदाच बाबांनी टाइप केलं होतं. चारदोन बटणं वाजली होती. एंटर वाजलं होतं. आणि पुढे काहीच नाही.

“पेट्रोल संपलं वाटतं,” जावई पुटपुटला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं दिसेनाशी झाली की त्याला हलकंसं काहीतरी बोलून हसवायची त्याला सवय होती, आणि ही सवय तो दुकानात ठेवून येत नसे.

“असं बोलू नये हो,” आई म्हणाली.

आईचा आवाज नेहमीसारखाच गरजेपेक्षा दोन पट्ट्या वर लागला. अर्धं आयुष्य सूतगिरणीत गेलं होतं तिचं. तिथल्या चात्यांनी तिच्या कानांतलं निम्मंअधिक ऐकणं कातून नेलं होतं, आणि आपण किती मोठ्याने बोलतो याचा अंदाजही.

“चुकलं, आई,” जावई ओशाळून म्हणाला.

पण आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती अजून तळहातच न्याहाळत होती. लेकीला वाटलं, बाबा उत्तर देत नाहीत म्हणून ती दुखावली आहे. तिला स्वतःलाही राग आला. माणसाला नाही म्हणायचं असेल तर त्याने नाही म्हणावं. असं तिघांना ताटकळत ठेवणं हा कुठला न्याय?

मग बाबांनी भुवया आकसल्या. त्यांनी पुन्हा एंटर दाबलं. लॅपटॉपच्या कडेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, जशी ते जुन्या गाडीच्या इंधनकाट्यावर करत, आणि लेकीकडे पाहून आधी स्वतःच्या गळ्याकडे, मग यंत्राकडे बोट दाखवलं.

“अरेच्चा! भाडेकरू मुका झाला?” जावई म्हणाला.

बाबांनी मान डोलावली. लेकीचे आणि जावयाचे खांदे एकदमच खाली आले. उत्तर नाकारलं गेलं नव्हतं. ते यंत्रात अडकलं होतं. लेकीचा राग जिथून आला तिथे परत गेला, आणि त्याच्या जागी तिला हातांना काम मिळाल्याचं समाधान वाटलं.

“बाबा, पुन्हा टाइप करा आणि स्क्रीन इकडे वळवा ना,” जावयाने सुचवलं. “आम्ही वाचतो. हाय काय नि नाय काय!”

बाबांनी ठामपणे मान हलवली. नाही. लॅपटॉप उचलून त्यांनी लेकीपुढे ठेवला. आधी हे दुरुस्त कर.

लेक लिफ्टची तपासनीस होती. लोक लिफ्टमध्ये अडकून आरडाओरडा करत असताना शांतपणे एकेक गोष्ट तपासत जाणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा होता. आधी वीज, मग दार, मग दोर. आणि दोर तपासल्याशिवाय मोटरला दोष द्यायचा नाही. हाच क्रम तिने इथे लावला. आवाजाची पट्टी पाहिली: शंभरावर. कुणी चुकून आवाज बंद केलाय का पाहिलं: नाही. तिने यंत्राची चाचणीची घंटी वाजवून पाहिली. पडद्यावरची हिरवी रेघ टुणकन उंच उडाली आणि खाली बसली. कानाला काही लागलं नाही.

“म्हणजे मोटर फिरतेय,” ती स्वतःशीच म्हणाली, “पण लिफ्टचा पाळणा हलत नाहीये. आवाज तयार होतोय. जातोय कुठे?”

आईने मान वर केली. “दारावर कुणी आलंय का बघा गं.”

“कुणी नाही, आई.”

“घंटी वाजली ना आत्ता.”

“नाही वाजली. कान वाजले तुझे.”

आई तरीही उठली, दार उघडून जिन्यात डोकावून आली, आणि काही न बोलता परत येऊन बसली. जावयाने लेकीकडे पाहून भुवई उडवली. लेकीने ती भुवई दुर्लक्षिली. तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात होतं. तिथे नेहमी छोट्या कर्ण्याचं चित्र असे. आज त्या जागी हेडफोनचं चित्र होतं.

“हा बघ चोर,” ती म्हणाली. “याला वाटतंय, कुणीतरी हेडफोन लावलाय. म्हणून आतला स्पीकर गप्प बसलाय.”

“पण लावलेला तर नाहीये.”

“भोकात कचरा बसला की याचा तसा समज होतो. लिफ्टचंही असंच असतं. दार बंद असतं, पण दाराच्या पट्टीवर धूळ बसली की तिला वाटतं, उघडंच आहे. मग ती जागची हलत नाही.”

“माणसांचंही असंच असतं,” जावई म्हणाला, आणि या वेळी त्याला कुणी टोकलं नाही.

त्याच्या खिशात नेहमी चष्म्याचे स्क्रू पिळायचा पेचकस आणि काचा झटकायचा मऊ ब्रश असे. ते दोन्ही बाहेर आलं. लॅपटॉप आडवा करून त्याने हेडफोनच्या भोकात मोबाइलचा उजेड पाडला, एक डोळा मिटला, आणि एखाद्या वृद्ध गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पाहावं तसं आत पाहिलं.

“बिस्किटाचा चुरा आहे,” त्याने निदान सांगितलं. “दोन पिढ्यांचा असावा.”

ब्रशने कणाकणाने चुरा निघाला. लेकीने वहीचा पुठ्ठा घेऊन वारा घातला. जुना हेडफोन कपाटातून शोधून आणला गेला, भोकात घातला, काढला, घातला, काढला. कर्ण्याचं चित्र परत आलं नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. सगळे त्याच्या उजळत्या पडद्याकडे पाहत राहिले, जसे लोक शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराकडे पाहतात. हेडफोनचं चित्र तसंच.

या साऱ्या वेळात बाबा खुर्चीत ताठ बसून होते. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून पुढेमागे फिरत होती. लेकीने एकदा त्यांच्याकडे चोरून पाहिलं. ज्या वाक्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, ते वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसतं का, हे तिला पाहायचं होतं. तिथे काही नव्हतं. होता तो फक्त एक प्रकारचा थकवा. एकदा अवजड काहीतरी उचलून ठेवलेल्या माणसाचा. तिच्या मनात आलं की यंत्र सुरू झाल्यावर त्यांना ते पुन्हा उचलावं लागणार आहे. काही वाक्यं माणसाच्याने एकदाच उचलवतात. तिने हात भराभर चालवायला सुरुवात केली, जणू उशीर झाला तर आतल्या आत त्यांचा निर्णय नासून जाईल.

“आता एकच उरलं,” ती म्हणाली. “ड्रायव्हर काढून पुन्हा घालायचा.”

बाबांच्या भुवया वर गेल्या.

“तुमचा ड्रायव्हर नाही हो, बाबा. आवाजाचा. स्पीकर कसा चालवायचा, ते या मशीनला शिकवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.”

“म्हणजे शिकाऊच असणार,” जावई म्हणाला. “मास्तरांच्या हाताखाली न शिकलेला.”

बाबा हसले. त्यांचं हसणं आता नुसतं खांद्यांत असे. खांदे दोनतीनदा उडत आणि रुमाल किंचित फुगे. आई मात्र हसली नाही. तिने विनोद ऐकला की नाही हेही कळेना. आज ती फारच दूर बसल्यासारखी वाटत होती, जणू मधे काचेची भिंत आहे. दोनदा लेकीने काही विचारलं तर तिने “अं?” केलं, आणि एकदा तर चक्क मान फिरवून खिडकीकडे पाहिलं. ‘हे लोक माझ्या जाण्याचं सोडून त्या डबड्याशी खेळत बसलेत,’ असं तिला वाटत असणार, लेकीने मनाशी म्हटलं, आणि तिला अपराध्यासारखं झालं.

ड्रायव्हर काढला गेला. पडदा क्षणभर लुकलुकला. ड्रायव्हर पुन्हा बसला. लेकीने लॅपटॉप बाबांसमोर सरकवला.

“काहीतरी टाइप करा, बाबा. काहीही. नुसतं तपासायला.”

तिने नजर खिडकीकडे वळवली. बटणं वाजली, बाबांच्या दोन बोटांच्या त्या सावकाश, अंतर राखून चालणाऱ्या लयीत. एंटर. आणि पुन्हा तीच शांतता, समोरच्या इमारतीतल्या यंत्राने अधूनमधून भोकं पाडलेली.

“छे,” जावई म्हणाला.

“पाणचट?” आई एकदम म्हणाली. “चहापत्ती संपत आलीय, तर काय करू? आणि गार झाला तो तुमच्या या खटपटीत. आणा इकडे, गरम करून देते.”

तिने हात लांब करून बाबांचा कप उचलला आणि ती स्वयंपाकघराकडे निघाली.

लेकीला आधी काही कळलंच नाही. तिने जावयाकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. मग दोघांनी बाबांकडे पाहिलं. बाबांचं तोंड किंचित उघडं होतं.

“आई,” लेक हळूच म्हणाली. मग मोठ्याने, “आई! पाणचट कोण म्हणालं?”

आई दारात वळली. “कोण म्हणजे? तुझे बाबा. आत्ता नाही का म्हणाले, चहा गार झालाय आणि पाणचट आहे?”

“बाबा,” लेकीने विचारलं, “तुम्ही हेच टाइप केलंत?”

बाबांनी मान हलवली. हो.

लेक उठली. आईजवळ गेली आणि तिच्या कानावरचे केस तिने बोटाने मागे सारले. कानामागे करड्या रंगाचं, शेंगदाण्याएवढं यंत्र बसलं होतं, आणि त्यातून निघालेली पारदर्शक तार कानात गेली होती.

“हे कधी घातलंस?”

“तुम्ही यायच्या आधी. एरवी डबीतच असतात, चमच्यांचा फार खणखणाट होतो. पण म्हटलं आज महत्त्वाचं बोलायचंय, तर नीट ऐकू यावं.” मग आई थोडं अभिमानाने म्हणाली, “कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी यांचा संगणक मागवून घेतला होता आणि काहीतरी जोडून दिलं होतं. यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं त्याने. बाकीचं जरा लांब जातं, पण यांचं अगदी कानात.”

जावयाने कपाळावर हात मारून घेतला. “म्हणजे भाडेकरू कुठे पळाला नव्हता! सासूबाईंच्या कानात राहायला गेला होता! आणि आपण इथे बिस्किटांचा चुरा उकरतोय!” तो हसत सुटला. “तरीच मघाशी दारावरची घंटी वाजली. अगं, तू वाजवलीस ती!”

लेकही हसली. सुटकेचं, स्वतःवरचं हसू होतं ते. ज्या गोष्टीवर नाव लिहिलेलं असतं ती आधी वाचावी, एवढा साधा नियम. तिने हेडफोनचं चित्र पाहिलं आणि थेट भोकात शिरली. तिने यादी उघडली. आवाज कुठे पाठवायचा त्याची दोन ठिकाणं तिथे सरळ लिहिलेली होती: एक या संगणकाचा स्वतःचा स्पीकर, दुसरं आईच्या कानांतल्या यंत्रांचं नाव. खूण दुसऱ्यावर होती. आईने यंत्रं कानात घालताच संगणकाने त्यांना ओळखलं होतं आणि कुणाला न विचारता सगळं बोलणं तिकडे वळवलं होतं.

हसता हसता तिच्या लक्षात आलं की हसणारी ती दोघंच आहेत.

बाबा हसत नव्हते. ते आईकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला होता. आई कप घेऊन दारातून टेबलापाशी परत आली.

“म्हणजे मघाचं…” आई म्हणाली आणि थांबली. तिने लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. “मघाशी तुम्ही सगळे गप्प बसलात ना, ते…”

“आम्हाला काही ऐकूच आलं नाही, आई. म्हणून गप्प होतो.”

“मला वाटलं,” आई सावकाश म्हणाली, “ऐकून गप्प बसलात.”

लेकीच्या डोळ्यांपुढून ती दुपार उलटी फिरून गेली. त्या पहिल्या शांततेत तिघंजण काही ऐकू येण्याची वाट पाहत होती, आणि चौथ्या माणसाला सगळं ऐकू आलेलं होतं. ‘असं बोलू नये हो’ हे जावयाला उद्देशून नव्हतं. आईने उत्तर दिलं होतं, तिच्या समजुतीप्रमाणे सगळ्यांच्या देखत. आणि तिच्या समजुतीप्रमाणे तिच्या पोटच्या पोरीने ते बोलणं आणि ते उत्तर दोन्ही ऐकून घेतलं होतं, आणि मग सरळ लॅपटॉप ओढून त्याच्या भोकातला कचरा काढायला घेतला होता.

“काय म्हणाले होते बाबा?” तिने विचारलं.

आईने उत्तर देण्याआधी बाबांनी टेबलावर टकटक केलं. लॅपटॉपकडे बोट केलं, मग स्वतःकडे. मी सांगतो.

एक बोट टेकवण्याचं काम होतं. लेकीने यादीतली खूण पहिल्या नावावर आणली. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा कर्णा परत आला. चाचणीची घंटी खोलीत खणखणीत वाजली, आणि या वेळी आईने दाराकडे पाहिलं नाही. अशा क्षणी एरवी जावई काहीतरी बोलला असता. तो बशीतली बिस्किटं सरळ रेषेत लावत राहिला.

बाबा टाइप करू लागले.

लेक खिडकीकडे पाहत राहिली. समोरच्या इमारतीत भिंतीवर एक फळी बसवली जात होती. एक माणूस मागे सरकून ती सरळ आहे का पाहत होता, दुसरा ती हातांनी तोलून धरून उभा होता. मागे बटणं वाजत होती. थांबत होती. मग एकच बटण कितीतरी वेळ दाबलं गेलं, मागे मागे नेणारं, आणि सगळं पुसल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजू लागली. मान न वळवताही तिला कळत होतं की हे वाक्य लांब आहे. मघाचं लांब नव्हतं. मघाशी चारदोन बटणंच वाजली होती आणि लगेच एंटर, एखाद्याने अचानक ब्रेक दाबावा तसं.

एंटर.

“तिला जाऊ द्या,” भाडेकरू म्हणाला. बऱ्याच वेळाने खोलीत उमटलेला त्याचा आवाज पूर्वीइतकाच स्वच्छ, इस्त्रीचा होता. “तिच्या बहिणीला गरज आहे. माझी सगळी सोय होते आहे. माझी कुणी काळजी करू नये.”

“झालं तर मग!” जावई खुर्चीत मागे रेलला. “ठरलं! उगाच घाबरवलंत, बाबा.”

ठरलं होतं. लेक जे मागायला आली होती ते तिला मिळालं होतं. शब्दशः, साक्षीदारांसमोर, शंभराच्या आवाजात. तिने बाबांकडे पाहिलं. ते कोऱ्या चौकटीकडे पाहत होते.

“मघाशीही हेच म्हणाला होतात, बाबा?”

बाबांनी एकदाच मान हलवली. हो. ती हालचाल वाहतूक पोलिसाला दाखवण्यापुरती होती. खिडकीची काच खाली न करता केलेली.

आईने ती पाहिली. कप अजून तिच्या हातात होता. नवऱ्याच्या रुमालाची एक कड उलटली होती. तिने पुढे होऊन ती बोटाने सरळ केली, जशी ती दिवसातून कितीतरी वेळा करत असे, आणि हात काढून घेण्याआधी तो क्षणभर तिथेच, नळीच्या वर, राहू दिला. बाबांनी डोळे मिटले.

“आई,” लेक म्हणाली, “हेच म्हणाले होते ना?”

आईने नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

“हे बघ, काय म्हणाले होते ते सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण मावशी वाट बघतेय. मला आज कळवायला हवं. त्यांनी हो म्हटलंय. तुझं काय? जायचंय ना तुला?”

यंत्रं आईच्या कानांतच होती आणि आता त्यांत दुसरा कुठलाच आवाज नव्हता. प्रश्न तिला नीट ऐकू गेला होता. तिने लेकीकडे पाहिलं, आणि तिचे ओठ विलगलेही. मग तिने टेबलावरचा दुसरा कप उचलला, तो पहिल्यात ठेवला, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.